रिफ्रेश मारून कॉम्प्युटर फास्ट होत नाही, पण मोराखालचं फूल परत येतं कसं?

सोलापुरात नवी पेठेत चादरीचं डिझाईन बघायला गेलो होतो, तिथला पोरगा दर दोन मिनिटांनी राइट क्लिक करून रिफ्रेश मारत होता. कशाला रे म्हटलं, तर "काका, फास्ट होतो." ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. रिफ्रेशने डेस्कटॉपवरच्या फायलींची यादी परत वाचली जाते आणि आयकॉन परत काढले जातात, बास, रॅम वगैरे काही मोकळी होत नाही.

खरी कमाल त्याच्या डिझाईनमध्ये होती. फुलावरचा मोर माऊसने सरकवला की खालचं फूल जसंच्या तसं दिसायचं. आता बघा, स्क्रीनला "खालचं" असं काही नसतंच, चादरीच्या ग्राफवर एका चौकटीत एकच रंग तसा एका पिक्सेलला, म्हणजे स्क्रीनवरच्या एका ठिपक्याला, एकच रंग, म्हणजे मोर रंगवला तेव्हाच तिथलं फूल पुसलं गेलं. ते परत रंगवावंच लागतं.

सगळंच परत रंगवायचं, आधी मागचं मग पुढचं, तर १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल, तेही सेकंदाला ६० वेळा. पण ४० बाय ४० चा मोर १० पिक्सेल उजवीकडे गेला तर जुनी नि नवी जागा मिळून ५० बाय ४०, फक्त २००० पिक्सेल बदलले, हजारातला एक भाग! यालाच डर्टी रेक्टँगल म्हणतात, मळका चौकोन. कुठला आकार त्याला शिवतो हे डाव्या, उजव्या, वरच्या, खालच्या कडांच्या चार तुलनांत कळतं, मग तेवढेच आकार मागून पुढे परत रंगवायचे.

असा प्रोग्राम लिहिताना इथंच मी पहिल्यांदा फसलो. फूल अख्खं रंगवलं आणि ते चौकोनाबाहेरच्या पानावर चढलं, जे पान खरं फुलाच्या वर होतं, मग पान रंगवलं तर ते त्याच्यावरच्या कळीवर चढलं, असं करत सगळी चादरच परत रंगवायची वेळ आली. उपाय म्हणजे क्लिपिंग, आकार कितीही मोठा असो, ब्रश मळक्या चौकोनाबाहेर जाऊच द्यायचा नाही. बाहेर काही बदलतच नाही, त्यामुळे साखळी तिथंच तुटते. एखादा अपारदर्शक आकार चौकोन पूर्ण झाकत असेल तर त्याच्या खालचं रंगवायचंच नाही, तेवढंही काम वाचतं.

अ‍ॅपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरमध्ये तिथले प्रोग्रामर बिल अ‍ॅटकिन्सन यांनी तर नुसत्या चौकोनांवर न थांबता वाटेल त्या आकाराचे रीजन, म्हणजे भाग, वापरले होते, स्क्रीन होता ५१२ बाय ३४२ चा.

दोन मळके चौकोन स्क्रीनच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत असतील तर मात्र एकत्र करू नका, दोघांना मावणारा चौकोन म्हणजे अख्खा स्क्रीन होतो. मी दोघांच्या बेरजेपेक्षा एकत्र चौकोन फार मोठा होत नसेल तरच जोडतो, नाहीतर वेगळे ठेवतो.