अंदाज वेगळा, सल्ला वेगळा

जून लागला की बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हवामानाचे निरोप फिरू लागतात. त्यात हवामान अंदाज कुठे संपतो आणि कृषी सल्ला कुठे सुरू होतो, हेच बऱ्याचदा कळत नाही.

अंदाजात फक्त आभाळाचं असतं. 'तुरळक ठिकाणी मुसळधार' म्हणजे फार तर पाव ठिकाणी 24 तासांत 64.5 मिमी किंवा जास्त पाऊस. तुमच्या शिवारात साधी सर आली, तरी अंदाज चुकला असं होत नाही. हे 24 तासही सकाळी साडेआठ ते साडेआठ; काल संध्याकाळचा पाऊस आजच्या आकड्यात दिसतो.

सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज धरून, ठरावीक जिल्ह्यातल्या ठरावीक पिकासाठी. गोंधळ होतो तो इथेच. '75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका' हे सोयाबीनला बरोबर आहे: ओल कमी असली तर उगवलेलं रोप उघडिपीत करपतं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. पण पिकाचं नाव गळून नुसतं 'पेरू नका' खानापुरात पोचलं तर? धूळवाफेचं भात कोरड्या मातीतच पेरायचं असतं. थांबलात की पाऊस लागतो, वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल मिळत नाही, कुरी (पेरणीची पाभर) चालत नाही.

दुसरी चूक भाषेमुळे होते. मराठीत मिळतो म्हणून कोल्हापूर जिल्ह्याचा सल्ला सर्रास पुढे जातो. चंदगडला लागून असलेल्या भागाला तो थोडाफार जुळेल. अथणीचं हवामान मात्र सांगली जिल्ह्यातल्या जतच्या जवळचं, कोरडं. हवामान खात्याच्या मेघदूत अ‍ॅपमध्ये बेळगाव जिल्हा निवडून आधी ताडून पाहा.

पुढे पाठवताना अंदाजाला तारीख पुरते, कारण पाच दिवसांनी तो शिळाच. सल्ल्याला मात्र तारीख, जिल्हा, पीक आणि पिकाची अवस्था, चारही हवीत. कापलेला स्क्रीनशॉट नकोच.

गावात पडलेला पाऊस या दोन्हींत नसतो. तो गटावर रोज टाकावा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवून साडेआठला पट्टीने मोजा. बादली नको, तिचं तोंड रुंद, बूड अरुंद, त्यामुळे आकडा फुगतो.