मालिकांमधलं गाव कुठे असतं?

आमच्या घरी एक मालिका रोज लागायची. कथा माणदेशातल्या शेतकरी कुटुंबाची. माझ्या आईचं माहेर म्हसवडजवळचं, त्यामुळे ती अगदी टीव्हीला खेटून बसायची. नायिका बांधावरून चालत निघाली, की तिच्या मागे माडांची रांग दिसायची आणि पायाखाली तांबडी माती. आई म्हणायची, "आमच्याकडं माड कुठनं आलं गं? बाभळ न्हाई, बोर न्हाई, कुसळ न्हाई, आन् म्हणं माण." कथेत पुढे दुष्काळ पडला, विहीर आटली, पण मागची झाडं हिरवीगार राहिली. तिथून आईचं मालिकेतलं लक्ष उडालं. ज्या मातीत आपण वाढलो ती माती कुणी दुसरीच दाखवली, की माणसाला ते लागतं. हे असं का होतं, ते समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागेल.

मराठी नाटकाला निसर्ग नवा नव्हता, पण तो कापडावर रंगवलेला असायचा. १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि पुढची काही दशकं नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडात पडद्यांच्या गुंडाळ्या फिरत राहिल्या. रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, दरबाराचा पडदा. एकच जंगल कण्वाच्या आश्रमालाही चालायचं आणि दुसऱ्या नाटकातल्या वनवासालाही. प्रेक्षकांना ते कापड आहे हे ठाऊक असायचं, नटांनाही ठाऊक असायचं. त्यात फसवणूक अशी नव्हतीच. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे दोघे नात्यातले भाऊ असे पडदे रंगवूनच नावारूपाला आले. पुढे बाबुरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला आणि सपाट चित्राच्या जागी त्रिमितीय, भोवती फिरता येतील असे सेट उभे केले. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी बाहेरच्या दृश्यांना थेट वांगणी गाठली होती. पौराणिक काळातलं रान कल्याण-कर्जत पट्ट्यात सापडलं, कारण मुंबईहून आगगाडीने तिथे सामानासकट पोचता येत होतं. चित्रीकरणाची जागा कथेपेक्षा वाहतूक ठरवते, ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. टीव्हीवरचं नाट्य सुरुवातीला स्टुडिओतच घडायचं. तीन भिंती, एक दार, एक खिडकी, आणि बाहेरचं जग संवादातून कळायचं. गाव दिसत नसे, पण चुकीचं गावही दिसत नसे. मला ती पद्धत आजही प्रामाणिक वाटते.

मग मालिका बाहेर पडल्या. त्यातलं सगळ्यात लोभस उदाहरण 'मालगुडी डेज'चं, १९८६-८७ मधलं. लेखक आर. के. नारायण यांच्या कथांमधलं मालगुडी नकाशावर कुठेच नाही. वाचताना ते दक्षिणेतल्या सपाट, उन्हात तापलेल्या लहानशा शहरासारखं वाटतं. आपल्या गावाबद्दल नारायण किती हळवे होते, ते त्यांच्याच कादंबरीवरच्या 'गाइड' सिनेमाच्या वेळी दिसलं. सिनेमावाल्यांनी कथा राजस्थानात उदयपूर-जयपूरकडे नेली, ते त्यांना अजिबात रुचलं नाही आणि त्यांनी त्यावर लिहिलंही. दिग्दर्शक शंकर नाग यांनी मालिकेसाठी निवडलं ते आगुंबे, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं घाटमाथ्यावरचं गाव. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, दाट जंगल, कौलारू उतरती छपरं. भूगोल तपासला तर हे मालगुडी नव्हेच. तरी पाहणाऱ्या प्रत्येकाने ते मानलं. कारण निवडलेल्या गावात ती मंडळी राहिली आणि तिथल्या घरांच्या ओसऱ्या, गल्ल्या, भिंतींवरची ओल असं सगळं कॅमेऱ्यात येऊ दिलं. त्याच जिल्ह्यातल्या अरसाळू स्टेशनावर मालिकेतल्या रेल्वेचं चित्रण झालं होतं. आज त्याच स्टेशनात मालगुडी संग्रहालय आहे, आणि कल्पनेतल्या गावाला खरं स्टेशन मिळालं आहे.

दुसरं टोक 'रामायण'चं. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालेली ही मालिका घडली ती उंबरगावात, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेच, गुजरातच्या किनाऱ्यावर. अयोध्या, मिथिला, दंडकारण्य, लंका, सगळं तिथल्या स्टुडिओत. पण पौराणिक मालिकेला पडद्याची जुनी सवलत आपोआप मिळते. अशोकवन नेमकं कुठे, असा प्रश्न कुणी विचारत नाही. उंबरगाव पौराणिक मालिकांचं ठिकाण म्हणून पुढेही टिकलं.

सवलत मिळत नाही ती आजच्या काळातल्या, नाव घेऊन सांगितलेल्या गावाला. आणि नेमकी तिथेच गाडी अडली, कारण मालिका रोजच्या झाल्या. अल्फा मराठी हे चॅनल १९९९ च्या १५ ऑगस्टला सुरू झालं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आलं, आणि आठवड्याला एक भाग ही चाल मोडली. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येकात वीस-बावीस मिनिटांचा मजकूर. जो भाग आज दिसतो तो कित्येकदा चार-पाच दिवसांपूर्वीच चित्रित झालेला असतो. बँकिंग, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, संपत आलं की दिवसरात्र शिफ्ट लागतात. अशा वेळी आउटडोअर म्हणजे जनरेटर, व्हॅन, लाइट, जेवणाची सोय, गर्दी आवरणं, आणि ढग आले तर वाया गेलेला दिवस. त्यातून कलाकारांची नाटकं, दुसऱ्या मालिकेच्या तारखा. म्हणून मालिकांची वस्ती ठरून गेली. गोरेगावची चित्रनगरी, मढचे बंगले, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, मीरा रोड, नायगाव. याच पट्ट्यात पुणे घडतं, सातारा घडतो, आणि हिंदी वाहिन्यांचं राजस्थान आणि बिहारही घडतं. माडांची ती रांग मढकडची असावी, असा माझा अंदाज.

हे फक्त आपल्याकडचं नाही. हॉलिवूडमध्ये तर कामगार संघटनांच्या करारांतच लॉस एंजेलिसभोवतीचं तीस मैलांचं वर्तुळ आखलेलं आहे. त्याबाहेर युनिट नेलं की प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वाढतो. त्यामुळे 'मॅश' या मालिकेतलं युद्धकाळातलं कोरिया ११ वर्षं कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या टेकड्यांत राहिलं, आणि मिनेसोटाच्या सपाट कुरणावरची म्हणून सांगितलेली कुटुंबकथा लॉस एंजेलिसजवळच्या सिमी व्हॅलीत, मागे डोंगर ठेवून घडली.

आपल्या वर्तुळाचा मध्यबिंदू म्हणजे गोरेगावची चित्रनगरी. राज्य सरकारने ती १९७७ साली उभारली. सुमारे ५२० एकर, पुढे २००१ मध्ये दादासाहेब फाळक्यांचं नाव दिलं. तळं, देऊळ, न्यायालय, तुरुंग, सगळं हाताशी. बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं खरंखुरं जंगल. जुलै २०२३ मध्ये एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरला होता. शेकडो माणसं जमलेली, आणि वर फळ्यांवरून तो फिरतोय, अशी ती दृश्यं अनेकांनी पाहिली असतील. एकीकडे कापडाचं आकाश आणि थर्माकोलचे दगड, आणि पलीकडच्या झाडीत खरं रान.

या चौकटीला पहिला मोठा तडा २०१६ मध्ये गेला, आणि मराठी मालिकांच्या इतिहासात त्या वर्षाला जितकं महत्त्व द्यावं तितकं आपण देत नाही. फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' आली ती सावंतवाडीजवळच्या आकेरीतून. वाडा खरा, जांभा दगड खरा, संवादांत मालवणी. कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख असं दाखवलं म्हणून आक्षेपही घेतले गेले, आणि त्यात तथ्य होतंच. पण आक्षेप घ्यायला गाव ओळखू यावं लागतं, आणि हे गाव ओळखू येत होतं. त्याच वर्षी 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात गेली. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी'ने सातारा गाठला. युनिट गावात राहिलं की काय बदलतं ते या मालिकांत कळतं. गावातली माणसं छोट्या भूमिकांत येतात, बोलण्यातला हेल सुधारतो, पावसाळ्यात पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात धूळ उडते. वाड्यांसमोर माणसं सहलीला आली, फोटो काढून गेली. त्या गर्दीचा गावाला त्रास होतो, हेही खरं आहे.

कोल्हापूरच्या मोरेवाडीची चित्रनगरी कित्येक वर्षं ओस पडली होती. तिथे पुन्हा मालिकांचे सेट लागले, जोतिबाच्या मालिकेचं चित्रीकरण तिथेच झालं. बाबुराव पेंटरांच्या शहराला हे काम परत मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे.

मग २०२१ चा एप्रिल आला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत राज्यात चित्रीकरण बंद झालं आणि मराठी मालिकांची युनिटं गोव्याला गेली. ठाण्यातलं, पुण्यातलं कुटुंब अचानक रिसॉर्टवर दिसू लागलं. कुणी फिरायला आलं, कुणाचं लग्न तिथे ठरलं, कुणी लपून राहिलं. लेखकांना दोन दिवसांत कारणं शोधावी लागली. गोव्यात रुग्ण वाढत होते, स्थानिकांचा विरोध झाला, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या सरकारने परवानग्या रद्द केल्या. युनिटं पुन्हा उठली. सिल्वासा, दमण, उंबरगाव, हैदराबाद. एका भागात मागे जांभ्याचा चिरा, पुढच्या भागात भलतीच झाडं. रोजचा भाग चुकवायचा नाही, एवढ्यासाठी कलाकार आणि तंत्रज्ञांनी घरापासून दूर, जीव मुठीत धरून ते काम केलं. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

जूनमध्ये परवानगी मिळाली आणि सगळे परतले. घोडबंदरच्या एका सेटवर मला त्या सुमारास जायला मिळालं. दिवाणखाना तोच, जिना तोच. खिडकीचा पडदा जरा सरकवला तर पलीकडे दोन हातांवर एक मोठा छापील फ्लेक्स ताणून बांधलेला होता. त्यावर आंब्याची झाडं, लांबवर टेकडी, वर निळं आकाश. खालच्या कोपऱ्यात फ्लेक्स जरा फाटला होता, तिथे लाइटवाल्या पोराने चिकटपट्टी लावली आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, "चला, सकाळ करा."