आमवाताच्या गोळीमागचं मेक्सिकोतलं रान

सकाळी सहाला माझी बोटं मिटत नाहीत. आमवात आहे, नऊ वर्षं झाली. सोलापुरातल्या घरात भाकरी थापता येत नाही म्हणजे काय ते इथल्या बायकांना सांगायला नको, पिठावर तळहात टेकवला की मनगटातून कळ जाते, म्हणून आता भाकरी सासूबाई थापतात आणि मी तव्यावरच्या भाकरीला पाणी लावते, तेवढं जमतं. नाष्टा झाला की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची बारकी पांढरी गोळी. ही एवढी स्वस्त कशी मिळते म्हणून वाचायला बसले आणि पोचले थेट मेक्सिकोच्या रानात.

१९४८ ला अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड हार्मोन दिलं, धड चालता न येणारी ती बाई थोड्याच दिवसात चालायला लागली. हे वाचताना माझे डोळे भरून आले, खरंच. १९५० ला हेंच आणि याच हार्मोनांवर काम केलेले केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण औषध बनायचं गुरांच्या पित्तापासून, तीसच्या वर पायऱ्या, मग जगभरच्या पेशंटला ते पुरणार कुठून?

पुरवलं एका कंदानं. बार्बास्को, आपल्या कोनफळाचाच भाऊबंद. अशा रानकंदांतल्या डायोस्जेनिन नावाच्या द्रव्यापासून हार्मोन करायची रीत रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं आधीच काढली होती, १९४४ ला मेक्सिकोत सिंटेक्स कंपनी उभी राहिली, १९५१ ला तिथं कंदापासून कॉर्टिझोन झालं, पुढच्याच वर्षी अपजॉन कंपनीनं मधली अवघड पायरी बुरशीकडून करून घेतली आणि भाव धाडकन पडला. माझी गोळी आली ती १९५५ च्या सुमारास.

आता गंमत बघा, हा कंद जोमानं यायचा तो जुन्या घनदाट जंगलात नाही, तर शेतकऱ्यांनी झाडं तोडून काही वर्षं मका घेतला आणि मग जमीन पड टाकली, तिथं परत वाढलेल्या रानात. वेराक्रुझ, ओआहाका, चियापासचे गरीब शेतकरी तो खणायचे, पोती पाठीवर घेऊन यायचे, मोबदला अगदीच किरकोळ, आणि याचं पुढं काय होतं हे कित्येकांना माहीतही नव्हतं.

अशा परतलेल्या रानाचा अभ्यास नंतर वाढला. १९९२ मध्ये अलेक्झांडर मेथर या भूगोलाच्या अभ्यासकानं ‘फॉरेस्ट ट्रान्झिशन’ हा शब्द मांडला, म्हणजे जंगल घटत घटत तळाला जातं आणि तिथून परत वाढायला लागतं. युरोपवरून मांडलेलं हे चित्र मग उष्ण कटिबंधात तपासलं गेलं. कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर लोक शेती सोडून कारखान्यांकडं आणि अमेरिकेत गेले, कॉफीच्या मळ्यांवर रान आलं. व्हिएतनाममध्ये जंगल वाढलं, पण लाकूड लाओस-कंबोडियातून यायला लागलं, मग ही वाढ खरी किती धरायची? जंगल वाढल्याच्या नुसत्या आकड्यावरून काय उगवलंय ते कळत नाही. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचंच घ्या, माळढोक अभयारण्य १९७९ चं, त्या पक्ष्याला उघडा गवताचा माळ लागतो, तिथं झाडं लावली तर कागदावर हिरवळ वाढेल आणि माळ जाईल. मला हे फार लागतं.

मेक्सिको सरकारनं १९७५ ला बार्बास्कोसाठी प्रोकिवेमेक्स ही सरकारी कंपनी काढली, खणणाऱ्यांना जरा बरा भाव मिळावा म्हणून. पण औषध कंपन्या सोयाबीनकडं वळत गेल्या आणि कंदाचा धंदा बसला. आजही स्टेरॉइडचा बराच कच्चा माल सोयाबीनमधूनच येतो.

गेल्या दिवाळीत बार्शीकडं पाहुण्यांच्या शेतात सोयाबीनची रास पडली होती. मी वाकून मूठभर उचललं, मूठ काही पूर्ण मिटली नाही, अर्धं बोटांमधून सांडलं, उरलेलं पदरात बांधून घरी आणलं.