क्यूसीत राहू की क्यूएत जाऊ?

औषध कंपनीत काम करणाऱ्या मुलींना लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या सुमारास एक सल्ला हमखास मिळतो : "लॅब सोड, क्यूएत जा. तिथं बसून काम असतं." सांगणाऱ्याच्या मनात काळजी असते, हे खरं. पण या सल्ल्यात क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे ही लॅब) आणि क्यूए (क्वालिटी अॅश्युरन्स) या दोन्ही विभागांबद्दल गैरसमज आहे, आणि त्यावर विसंबून घेतलेला निर्णय पुढे अनेक वर्षं नडतो.

क्यूसी म्हणजे तपासणी. कच्चा माल आला की त्याचा नमुना तपासायचा, गोळी तयार झाली की ती तपासायची, औषध किती टिकतं ते पाहण्यासाठी स्टॅबिलिटी चेंबरमध्ये ठेवलेले नमुने ठरलेल्या महिन्यांनी काढून पुन्हा तपासायचे. एचपीएलसी (औषधाचं प्रमाण मोजणारं), डिसोल्यूशन (गोळीतलं औषध किती विरघळतं ते पाहणारं), कार्ल फिशर (पाण्याचा अंश मोजणारं) ही इथली रोजची यंत्रं. क्यूएचं काम वेगळं. माल ठरलेल्या पद्धतीनं बनला का, नोंदी त्या त्या वेळीच झाल्या का, काही बिघडलं तर कशामुळे, पद्धतीत बदल करू द्यायचा का आणि शेवटी बॅच बाहेर सोडायची का, हे क्यूए ठरवतं. नावांवर मात्र जाऊ नका. अमेरिकेच्या १९७८च्या नियमांत बॅच मंजूर करण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार 'क्वालिटी कंट्रोल युनिट'ला दिलेला आहे, आणि आज बहुतेक कंपन्यांत तेच काम क्यूएकडे असतं. जाहिरातीत पदाचं नाव काहीही असो, कामाचं वर्णन वाचा.

फरक खरा कळतो तो रिझल्ट मर्यादेबाहेर गेल्यावर. समजा, गोळीतल्या औषधाचं प्रमाण ९५ ते १०५ टक्के हवं आणि आकडा आला ९३.८. तपासणी करणाऱ्या अॅनालिस्टनं अशा वेळी द्रावणं फेकायची नसतात, लगेच सुपरवायझरला सांगायचं असतं. मग वजनाची नोंद, डायल्यूशन (द्रावण पातळ करणं), तुलनेसाठीचं स्टँडर्ड, एचपीएलसीच्या आलेखातल्या पीकचं इंटिग्रेशन (क्षेत्रफळ मोजणं), सगळं एकेक करून पाहिलं जातं. लॅबची चूक पुराव्यानिशी सापडली तर तो रिझल्ट बाद होतो. नाही सापडली तर चौकशी उत्पादनापर्यंत जाते आणि सूत्रं क्यूएकडे येतात : मिश्रण किती वेळ फिरवलं, मशीन मध्येच थांबलं होतं का, त्याच कच्च्या मालाच्या इतर बॅचचं काय झालं. पास होईपर्यंत तपासत राहायचं आणि पास झालेला आकडा धरायचा, ही पळवाट बंद आहे. १९९३ साली बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयानं ती ठामपणे नाकारली.

आता या चौकशीत क्यूएची जी बाई समोर बसली आहे, तिनं स्वतः कधी नमुना तयार केलेला असेल तर ती विचारते : सोनिकेशन (ध्वनिलहरींनी औषध विरघळवणं) पुरेसं झालं होतं का? फिल्टरनं औषध धरून ठेवलं नाही ना? गाळलेल्या द्रावणाचे सुरुवातीचे किती मिली फेकून दिले? जिनं लॅब पाहिलीच नाही, ती सह्या आणि तारखा तपासते. दोघींचं पद एकच असतं, पण पुढच्या कठीण चौकशीला कोणाला बोलावतात ते तुम्हीच ओळखा. युरोपात बॅच प्रमाणित करणाऱ्या 'क्वालिफाइड पर्सन'साठी कायद्यानंच औषधांचं विश्लेषण आणि चाचण्या यांचा साधारणपणे किमान दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव मागितला आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की लॅबमध्ये हात पक्का होण्याआधी क्यूएत जायची घाई करू नये. आणि क्यूसी ही नुसती पहिली पायरीही नाही. मेथड डेव्हलपमेंट (तपासणीची नवी पद्धत बसवणं), व्हॅलिडेशन (ती पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं), लॅबचं प्रमुखपद अशी त्या वाटेवरची पुढची कामं तितकीच मोठी आहेत.

'बसून काम' हेही अर्धसत्यच. उत्पादन रात्री चालू असेल तर लाइन क्लिअरन्स (आधीच्या मालाचं काही उरलेलं नाही हे पाहून पुढचं काम सुरू करायची परवानगी) द्यायला क्यूएचं माणूस रात्रीच लागतं, आणि ऑडिटच्या दिवसांत घरी जायची वेळ कोणाच्याच हातात नसते.

क्यूएच्या आतही दोन प्रकारची कामं आहेत, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते याबद्दल. लॉगबुक देणं, एसओपीच्या (कामाच्या लेखी पद्धतींच्या) प्रती वाटणं, ट्रेनिंगच्या फाइली लावणं हे एक. डेव्हिएशनची (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या फरकाची) चौकशी, चेंज कंट्रोल (पद्धतीतल्या बदलांची मंजुरी), पुरवठादारांचं ऑडिट, बॅच रिलीज हे दुसरं. दोन्ही लागतात, पण बढती दुसऱ्यातून मिळते. "तुझं काम नीटनेटकं असतं" असं कौतुक करत पहिलं काम मुलींकडे सरकवलं जातं आणि ऑडिटचा प्रवास "तिला कुठे जमणार" म्हणून न विचारताच दुसऱ्याला दिला जातो. जमेल की नाही ते तुम्ही सांगायचं आहे. वर्षाच्या उद्दिष्टांत किमान एक चौकशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या नावावर लिहून घ्या.

गरोदरपणात लॅबपासून दूर राहण्याला मात्र ठोस कारण असू शकतं. रेसिड्युअल सॉल्व्हंटच्या (औषधात उरलेल्या द्रावकांच्या) चाचणीत वापरलं जाणारं डायमिथाइल फॉर्मामाइड गर्भाला अपायकारक मानलं जातं, आणि त्याच्या सेफ्टी डेटा शीटवर (रसायनाच्या धोक्यांची माहिती देणाऱ्या कागदावर) तसा 'एच३६०डी' हा इशारा असतो. दिवस राहिल्याचं कळताच, किंवा तसा विचार चालू असतानाच, आपण हाताळतो त्या प्रत्येक रसायनाची शीट सेफ्टी विभागाकडून मागून डॉक्टरांना दाखवा. त्या काळापुरतं क्यूएत काम मिळालं तर जरूर घ्या, पण बदली तात्पुरती आहे, परत कोणत्या पदावर यायचं आहे आणि रजेनंतर यंत्रावरचं ट्रेनिंग पुन्हा कधी होणार, हे ईमेलवर मागा. तोंडी आश्वासन साहेब बदलला की विरून जातं.

कायमची बदली घेत असाल तर होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा : पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडे नेमकं कोणतं काम असेल, माझी सही कोणत्या कागदावर चालेल, आणि याआधी या जागेवर होती ती व्यक्ती आता कुठे आहे. जमलं तर त्या व्यक्तीला फोन करा.