मांजराचा टीपकागद आणि न संपणारी लिफ्ट

‘अहो, पण हा माणूस पियानो वाजवणार कधी?’ ब्रिटिश लेखक काझुओ इशिगुरोची ‘द अनकन्सोल्ड’ ही कादंबरी वाचताना दीडशेव्या पानाच्या आसपास हा प्रश्न पडला नाही, असा वाचक विरळाच. नामांकित पियानोवादक रायडर एका निनावी शहरात कार्यक्रमासाठी येतो, आणि पाचशेहून अधिक पानं जो भेटेल तो त्याला आपलं काहीतरी काम सांगत राहतो. आधीच्या कादंबरीला १९८९ चं बुकर मिळालेलं, त्यामुळे १९९५ साली हे पुस्तक हाती पडलं तेव्हा अनेक समीक्षक चक्रावले. समीक्षक जेम्स वुड यांनी तर या कादंबरीने वाईटपणाचा स्वतंत्र प्रकारच शोधून काढलाय, अशा अर्थाचं लिहिलं. २००६ मध्ये मात्र समीक्षक-लेखकांच्या एका मतचाचणीत, गेल्या पंचवीस वर्षांतल्या ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातल्या कादंबऱ्यांमध्ये तिला इतर काहींच्या बरोबरीने तिसरं स्थान मिळालं.

अशा कादंबऱ्यांना आपण सर्रास ‘सर्रिअल’, म्हणजे स्वप्नासारख्या अतिवास्तव, म्हणतो. गंमत अशी, की मूळच्या अतिवास्तववाद्यांना कादंबरी हा प्रकारच फारसा मानवत नव्हता. त्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेतोंने अतिवास्तववादाच्या १९२४ च्या जाहीरनाम्यात दस्तयेव्हस्कीचं एका खोलीचं वर्णन उतरवून घेतलं आणि आपण काही या खोलीत पाऊल टाकणार नाही, असं बजावलं. स्वतःच्या ‘नाद्जा’त (१९२८) त्याने वर्णनांच्या जागी सरळ छायाचित्रं छापली. स्वप्न हवं होतं, पण झटक्यात आलेलं. पाचशे पानांचं स्वप्न त्या घराण्यातलं नव्हे.

मग ही लांबण आली कुठून? माझ्या मते तिचं मूळ शंभर वर्षं आणखी मागे, जर्मनीत आहे. कलावंताची जडणघडण सांगणाऱ्या कादंबरीला तिथे ‘कुन्स्टलररोमान’ असं नावच आहे. नोव्हालिस या लेखकाच्या कादंबरीतला कवी निळ्या फुलाचं स्वप्न पाहत निघतो; ती कादंबरी १८०२ मध्ये अपुरीच छापली गेली, कारण लेखक आदल्याच वर्षी वारला होता.

पण खरा पूर्वज ई. टी. ए. हॉफमन. दिवसा बर्लिनमध्ये न्यायाधीश, एरवी संगीतकार आणि लेखक. त्याच्या कादंबरीत मुर नावाचा बोका आत्मचरित्र लिहितो. लिहिताना टीपकागद म्हणून तो मालकाकडच्या एका पुस्तकाची पानं फाडून वापरतो, आणि ते पुस्तक असतं क्राइसलर या अस्वस्थ संगीतकाराचं चरित्र. छापखान्यात दोन्ही एकत्र छापलं जातं. त्यामुळे बोका ऐटीत आपली विद्वत्ता सांगत असतो आणि वाक्य मध्येच तुटून क्राइसलर सुरू होतो, तोही अधल्यामधल्या ओळीपासून. बोक्याचं आयुष्य सलग, कलावंताचं फक्त चिंध्यांमधून. कलावंताचं मोडलेपण वर्णनात न सांगता पुस्तकाच्या बांधणीतच मोडतोड करून दाखवायचं, ही युक्ती इथे पुरती साधलेली दिसते. हॉफमनच्या घरच्या खऱ्याखुऱ्या मुर बोक्याचं निधन १८२१ च्या नोव्हेंबरात झालं. त्याने मित्रांना रीतसर दुःखवार्ता धाडली. पुढच्या वर्षी हॉफमन स्वतः गेला आणि कादंबरीचा तिसरा खंड राहूनच गेला.

मध्ये काफ्का येतोच. १९२६ मध्ये मरणोत्तर आलेल्या ‘द कॅसल’चा नायक कलावंत नव्हे, जमीनमोजणीदार आहे, पण जवळ दिसत असूनही न गाठता येणारं ठिकाण पुढच्यांना तिथूनच मिळालं.

इशिगुरोने त्यात वेळ ताणली. पहिल्याच प्रकरणात रायडर हॉटेलच्या लिफ्टमध्ये चढतो. म्हातारा हमाल गुस्ताव्ह सामान खाली न ठेवण्यामागचं तत्त्व समजावू लागतो आणि पानंच्या पानं बोलतो. एवढ्यात कितीतरी मजले होऊन जावेत, पण लिफ्ट वर जातेच आहे. आणि मग रायडरला दिसतं, की कोपऱ्यात एक बाईही उभ्या आहेत; त्या इतका वेळ तिथेच होत्या. कुणालाच याचं नवल वाटत नाही. स्वप्नात असंच होतं, नाही का? हे दोन पानांत उरकलं असतं तर चमत्कार वाटला असता. इतकं लांबल्यावर आपणही रायडरसारखे ‘हो, हो, बोला’ म्हणत उभे राहतो. वाचताना येणारा थकवा म्हणूनच मला कादंबरीचा दोष वाटत नाही; नायकाला जे सोसावं लागतं ते आपल्यापर्यंत त्याच वाटेने पोचतं.

आणि तो पियानो? वाजत नाही. कार्यक्रमाची रात्र उलटते, श्रोते निघून जातात. पहाटे रायडर शहराला फेऱ्या मारणाऱ्या ट्राममध्ये बसतो, मागच्या बाजूला नाश्ता मांडलेला असतो, आणि तो ताटली भरून घेतो.