हलक्या गाडीचं गणित आणि तिची निगा

केटरहॅम या ब्रिटिश कंपनीने २०२१ साली ‘सेव्हन १७०’ नावाची दोन आसनी गाडी बाजारात आणली. इंजिन सुझुकीचं, तीन सिलिंडरचं, ६६० सीसीचं. ताकद ८४ हॉर्सपॉवर. एवढं वाचून कुणी दचकणार नाही. पण गाडीचं वजन आहे ४४० किलो. १,४०० किलोच्या सेडानला याच प्रमाणात ताकद द्यायची तर तिच्यात सुमारे २६७ हॉर्सपॉवरचं इंजिन बसवावं लागेल. न्यूटनचा दुसरा नियम शाळेत पाठ केलेला असतो: बल तेच ठेवलं आणि वस्तुमान निम्मं केलं, तर त्वरण दुप्पट होतं. ही गाडी म्हणजे त्या नियमाचा रस्त्यावर उतरलेला पुरावा आहे.

वजन इतकं कमी झालं की एरवी नगण्य वाटणाऱ्या गोष्टी मोजाव्या लागतात. ८० किलोचा चालक आत बसला की या गाडीचं ताकद-वजनाचं प्रमाण १५ टक्क्यांनी घसरतं. तोच माणूस सेडानमध्ये बसला तर घसरण जेमतेम ५ टक्क्यांची. ३० लिटर पेट्रोल म्हणजे आणखी २२ किलो. अशा गाडीत जास्तीचं काहीच नसतं, त्यामुळे जे आहे ते चोख असावं लागतं. जड गाडीत चाकाच्या सांध्यातला एखादा रबरी बुश झिजला तर महिनोन्महिने पत्ता लागत नाही, इथे तो पुढच्याच वळणावर हाताला जाणवतो. म्हणूनच या गाड्यांची निगा हा मला त्यांच्या वेगाइतकाच रंजक विषय वाटतो. देखभालीच्या प्रत्येक कामामागे भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र स्वच्छ दिसतं.

आधी एक गैरसमज दूर करू. हलकी गाडी हलकी असल्यामुळेच कमी अंतरात थांबते, असं सर्रास म्हटलं जातं. साध्या सूत्रातून तसं निघत नाही. टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण गाडीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतं. जड गाडीला थांबवायला जास्त बल लागतं, पण तिला घर्षणही तेवढंच जास्त मिळतं, आणि समीकरणातून वस्तुमान निघून जातं. खरा फायदा येतो तो रबराच्या स्वभावामुळे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे किलोमागे मिळणारी पकड कमी भाराच्या टायरला जास्त असते. वळणावर याचा लाभ सर्वांत जास्त जाणवतो.

उष्णतेचा हिशोब मात्र थेट आहे. ताशी १०० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीत प्रत्येक किलोमागे सुमारे ३८६ जूल गतिज ऊर्जा असते. चालकासह ६३० किलो भरणारी एखादी हलकी गाडी थांबवताना ब्रेकना साधारण २४३ किलोजूल ऊर्जा उष्णतेच्या रूपात पचवावी लागते, १,५८० किलोच्या गाडीला ६१०. त्यामुळे हलक्या गाडीच्या डिस्क लहान चालतात, पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण यातून एक उलटी अडचणही निघते. शर्यतीसाठी बनवलेले कडक पॅड तापल्यावरच नीट पकडतात, आणि रोजच्या रस्त्यावर या गाडीत ते तेवढे तापतच नाहीत. जोरकस नाव पाहून असे पॅड बसवणाऱ्याला पहिल्या थंड सकाळी ब्रेक लाकडी वाटतात. रस्त्यावरच्या गाडीला साधे, मऊ पॅडच बरे.

वाऱ्याला मात्र वजनाशी देणंघेणं नसतं. उघडी चाकं, उभी काच आणि छत नसलेला देह यांमुळे सेव्हन जातीच्या गाड्यांचा हवा-अवरोधाचा गुणांक ०.६ ते ०.७ च्या घरात असतो. आजच्या सेडानचा ०.२५ ते ०.३०. वेग दुप्पट झाला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते, त्यामुळे या गाड्या झटकन वेग घेतात आणि पुढे हवेच्या भिंतीला टेकतात.

ही जात जन्मली ब्रिटनमध्ये. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ आणली. पोलादी नळ्यांची चौकट, वर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि सुरुवातीच्या गाडीत फोर्डचं १,१७२ सीसीचं, ४० हॉर्सपॉवरचं साधं इंजिन. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर भारी खरेदीकर होता, सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. म्हणून लोक भाग घरी आणून गाडी स्वतः जोडत. संचासोबत जोडणीची पुस्तिका दिली तर सवलत जाईल, म्हणून गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली जाई आणि ग्राहक ती शेवटून वाचत, असा किस्सा आजही सांगतात. १९७३ च्या एप्रिलमध्ये खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, आणि संचाचा कराचा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. सवलत गेली तरी स्वतः गाडी जोडण्याची हौस गेली नाही. आज तिथे घरी जोडलेल्या गाडीला रस्त्यावर येण्याआधी सरकारी तपासणीतून जावं लागतं. ब्रेक, धूर, दिवे, आरसे, बाहेरच्या तीक्ष्ण कडा आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं की नाही, हे सगळं तपासतात. शेवटची अट वाटते तितकी सोपी नाही. पुढच्या चाकांवर भार कमी, म्हणून त्यांना सरळ करणारं बलही कमी. चाकांचे कोन काळजीपूर्वक लावले नाहीत तर स्टिअरिंग मध्येच रेंगाळतं.

गाडी जोडली म्हणजे काम झालं असं नाही. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर प्रत्येक महत्त्वाचा बोल्ट पुन्हा तपासावा लागतो. का, ते समजून घेण्यासारखं आहे. बोल्ट आवळणं म्हणजे तो ताणणं. आवळलेला बोल्ट हा एक अतिशय ताठ स्प्रिंग असतो. तो किंचित लांबतो, परत आखूड होऊ पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. नव्या गाडीत वॉशरखाली रंगाचा थर असतो, पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतात. धक्के बसले की ते चेपतात. चेपण मिलिमीटरच्या शतांशाएवढं असतं, पण बोल्टचं ताणणंही तितकंच सूक्ष्म असल्यामुळे दाब झपाट्याने उतरतो. दाब उतरला की जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकू लागतात. अशा आडव्या सरकण्याने नट स्वतःहून फिरत सैल होतात, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवलं. बोल्टच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा ही आडवी हालचाल कितीतरी घातक. याचा अर्थ नट सैल होऊ नये यासाठी सर्वांत उत्तम उपाय म्हणजे मुळात तो पुरेसा आवळलेला असणं. नायलॉनची कडी असलेला नट सुटून पडत नाही हे खरं, पण उतरलेला दाब तो भरून देत नाही.

पुरेसा आवळला हे कळायचं कसं? टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, पण त्याचीही मर्यादा माहीत हवी. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, निम्मा नटाच्या तळाशी आणि बाकीचा आट्यांमध्ये. बोल्ट ताणायला उरतात फक्त १० टक्के. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा ऑइल लागलेल्या बोल्टला वापरला, तर घर्षण कमी झालेलं असतं आणि बोल्ट हवा त्यापेक्षा खूप जास्त ताणला जातो. आटे स्वच्छ ठेवावेत, आणि पुस्तिकेत दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ऑइल लावलेल्या, हे आधी पाहावं. आवळून झाल्यावर नटापासून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढतात. नट फिरला की रेघ तुटते. चाकं काढलेली असताना पाच मिनिटं टॉर्च मारून या रेघा पाहण्याइतकी स्वस्त आणि खात्रीची तपासणी दुसरी नाही.

चौकटीकडे वळू. नळ्या त्रिकोणात जोडलेल्या असतात, कारण बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलता येत नाही. भार आला की प्रत्येक नळी ताणली किंवा दाबली जाते, वाकवली जात नाही, म्हणून पातळ नळीही पुरते. बाजूचे आणि तळाचे ॲल्युमिनियमचे पत्रेही रिव्हेटने, म्हणजे कायमच्या बसवलेल्या धातूच्या खिळ्यांनी, नळ्यांना जखडलेले असतात आणि चौकटीला पिळवटण्यापासून रोखतात. रिव्हेट सैल झाला की पत्रा नळीवर घासू लागतो आणि रिव्हेटभोवती काळपट-करडी भुकटी दिसू लागते. विमानांची देखभाल करणारे हीच खूण शोधत असतात. ही भुकटी म्हणजे मळ समजून पुसून टाकू नये, तो रिव्हेट बदलावा.

पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचा हा शेजार रसायनशास्त्राच्या दृष्टीने सुखाचा नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले, मध्ये खारट ओल, म्हणजे एक बॅटरीच तयार होते. तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. पत्र्याच्या कडेला रंगाखाली फुगे येतात, फोडले तर पांढरी पूड निघते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांत हे फार वेगाने होतं. आणखी एक धोका नजरेआड राहतो. रिव्हेटसाठी नळीला भोक पाडलेलं असतं, त्यातून पाणी आत जातं आणि नळी आतून गंजत राहते, बाहेरचा रंग मात्र टवटवीत. म्हणून जाणते मालक नळ्यांच्या आत पातळ मेण फवारतात, आणि मिठाच्या रस्त्यावरून आल्यावर गाडी साध्या पाण्याने खालून धुतात. उच्च दाबाचा फवारा मात्र बेअरिंग आणि सस्पेन्शनच्या उघड्या सांध्यांवर मारू नये. ग्रीस निघून जातं आणि पाणी आत राहतं.

या गाड्या वर्षाला फार धावत नाहीत. म्हणून त्यांचं वेळापत्रक किलोमीटरवर बांधणं चुकीचं. टायरची नक्षी शाबूत राहते, पण ऑक्सिजन आणि उन्हाने रबर कडक होतं आणि पकड जाते. टायरच्या बाजूला चार अंकी खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षीच्या आधी ही खूण पाहावी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. रोज डोंगर उतरणाऱ्याला किंवा ट्रॅकवर जाणाऱ्याला हा फरक जिवावर बेतू शकतो. गाडी चालवली असो वा नसो, दर दोन वर्षांनी ते बदलावं.

टायरमधली हवाही वेगळी लागते. एका चाकावर १४० किलो भार आणि ३२ पीएसआय हवा असेल, तर रस्त्याला टेकणारा भाग ढोबळ हिशोबाने ६२ चौरस सेंटिमीटर होतो. १८ पीएसआय ठेवली तर तो ११० पर्यंत जातो. टायरच्या भिंतींचा ताठपणा धरला तर आकडे थोडे बदलतील, दिशा तीच राहील. पेट्रोल पंपावर सवयीने ३२ भरली की हीच गाडी ओल्या रस्त्यावर बिथरते.

ट्रॅकवर जोरात वळणाऱ्यांनी इंजिन ऑइलचाही विचार करावा. वळणावरचं त्वरण गुरुत्वाकर्षणाएवढं झालं की इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमधला ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. पंपाचं तोंड उघडं पडलं तर तो हवा ओढतो आणि बेअरिंग क्षणात खराब होतं. म्हणून चेंबरमध्ये आडपडदे घालतात, ऑइलची पातळी वरच्या खुणेला ठेवतात, आणि शर्यतीच्या गाड्यांत ऑइल वेगळ्या टाकीत साठवतात.

एक गोष्ट कौतुकाच्या भरात झाकली जाऊ नये. जड गाडीशी समोरासमोर टक्कर झाली तर संवेग-अक्षय्यतेचा नियम हलक्याच्या विरोधात जातो. ६३० किलोच्या गाडीला १,५८० किलोच्या गाडीपेक्षा अडीचपट मोठा वेगबदल सोसावा लागतो. चार पट्ट्यांचा सीटबेल्ट आणि डोक्यामागची पोलादी कमान काही धक्के झेलतात, हे गणित बदलत नाहीत. अंतर राखून चालवणं आणि ट्रकच्या आरशात आपण दिसतो आहोत ना याची खात्री करणं, हे इथे सुरक्षेचं खरं साधन आहे.

जुनी गाडी घेताना म्हणूनच पूर्वीचा अपघात शोधावा. मीटरपट्टीने पुढच्या डाव्या सस्पेन्शन-सांध्यापासून मागच्या उजव्यापर्यंतचं अंतर घ्यावं, मग उलट बाजूचं. दोन्ही कर्ण जुळत नसतील तर चौकट वाकलेली आहे. ती सरळ करता येते, नळ्या कापून नव्या वेल्ड करता येतात. पण त्यासाठी रिव्हेट ड्रिलने उडवून पत्रे उतरवावे लागतात, आणि नळ्यांची आतली अवस्था तेव्हाच कळते. किंमत ठरवताना हे काम धरूनच बोलणी करावीत.