भाकरीकडून चपातीकडे : महाराष्ट्रातील रोजच्या जेवणाचे स्थित्यंतर

महाराष्ट्राचा देश, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम विदर्भ या भागांत ज्वारी-बाजरीची भाकरी हे रोजचे मुख्य अन्न होते. १९६०च्या दशकापासून पुढच्या दोन-तीन पिढ्यांत बहुतेक घरांत तिची जागा गव्हाच्या चपातीने घेतली. यात एक पुरती उलटापालट झाली. आजीच्या काळी भाकरी रोजची होती आणि गहू सणाला किंवा पाहुण्याला निघायचा. नातवंडांच्या घरात चपाती रोजची झाली आणि भाकरी भोगीला, येळवसीला (वेळ अमावस्येला) किंवा हॉटेलात गेल्यावर. "आताच्या पोरांना भाकरी गोड लागत नाही" असे याचे कारण घरोघरी सांगितले जाते. ते अपुरे आहे. बदल आधी शेतात, रेशनच्या दुकानात आणि बाईच्या दिवसभराच्या कामात झाला. जिभेची आवड मागाहून बदलली.

नावातही हा इतिहास दिसतो. पुण्या-मुंबईच्या अनेक पांढरपेशा घरांत रोजच्या साध्या गव्हाच्या चपातीला 'पोळी' म्हणतात. गावाकडे बहुतेक ठिकाणी नुसते 'पोळी' म्हटले की पुरणपोळीच समजली जाते. जिथे गहू लवकर रोजचा झाला तिथे हा शब्दही रोजचा झाला आणि बाकीच्यांकडे तो सणापुरता राहिला, असे मानायला जागा आहे.

जुने ताट

भाकरी एकच नव्हती. सोलापूर, बीड, लातूर, परभणी या पट्ट्यात ज्वारीची. नगर-नाशिककडे थंडीत बाजरीची. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची. कोकणात आणि गोव्यात तांदळाची, तर डोंगराळ भागात नाचणीची. पूर्व विदर्भ आणि कोकण हे मुळातच भाताचे प्रदेश असल्याने या नोंदीतला बदल तिथे वेगळ्या वाटेने गेला. देशावर उलट भात अपूर्वाईचा होता. कोरडवाहू गावांत तो सणावाराला, लग्नाकार्यात किंवा आजाऱ्याला शिजे.

भाकरीबरोबर लागे ते 'कोरड्यास' किंवा 'कालवण' : पिठले, आमटी, ठेचा, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, हंगामात करडईची, अंबाडीची, पाथरीची, घोळीची भाजी. या भाज्यांपैकी कित्येक विकत आणलेल्या नसत; शेतात खुरपताना ओच्यात खुडून आणलेल्या असत. तणनाशकाची फवारणी सुरू झाली तशी पाथरी आणि घोळ बांधावरून गेली, आणि आज तिशीतल्या अनेकांना ती ओळखताही येत नाही. हुलग्याचे माडगे, शेंगोळी, ज्वारीच्या कण्या, आंबील हे प्रकारही त्याच स्वयंपाकातले. सकाळची न्याहारी म्हणजे रात्रीची शिळी भाकरी. ती दुधात किंवा दह्यात कुस्करून, नाहीतर कांदा घालून फोडणीला टाकून खात. आज त्या जागी पोहे, चहा-बिस्किटे आणि १९८३ साली भारतात आलेल्या मॅगीसारख्या शेवया आहेत.

थापणारा हात

गव्हात चिकटपणा असतो, म्हणून त्याची कणीक लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नसते. तिचे पीठ बांधून धरायला आधणाचे गरम पाणी लागते आणि हाताचा जोर लागतो. काठवटीत किंवा परातीत एकेका भाकरीपुरते पीठ घेऊन तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे, गोळा कोरड्या पिठावर ठेवून एका हाताने थापत दुसऱ्या हाताने कडा सांभाळत तो फिरवत न्यायचा. भाकरी तापल्या तव्यावर पडली की पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकायच्या आत उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडे जातात. दुसरी बाजू भाजली की भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर धरायची. ती टम्म फुगली की वरचा पातळ पापुद्रा सुटतो. चुलीजवळ बसलेल्या लहान मुलाला तो पापुद्रा तेल-मीठ लावून मिळे. कित्येकांच्या मनातली भाकरी म्हणजे तो पापुद्राच.

हे कसब लिहून शिकता येत नाही. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की आईशेजारी बसून छोट्या भाकऱ्या थापायची आणि चार-पाच वर्षांत तिचा हात बसायचा. मुली शाळेत आणि मग नोकरीवर जाऊ लागल्या, तशी ही शेजारी बसण्याची वर्षे गेली. यात हळहळण्यासारखे काही नाही; त्या वर्षांच्या बदल्यात मुलींना फार मोठे काही मिळाले. पण थापता न येणाऱ्या सुनेला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. जो हात कुणी बसवून दिलाच नाही, तो येणार कुठून? आता पिठाची उकड काढून पोळपाटावर भाकरी लाटण्याची पद्धत शहरांत रूढ झाली आहे, आणि ती चांगली होते.

पिठाचीही अडचण आहे. ज्वारीचे पीठ काही दिवसांतच शिळे होऊन त्याची 'विरी' म्हणजे चिकटून राहण्याची ताकद जाते. मग भाकरी थापताना फाटते. म्हणून ते थोडे थोडे दळून आणावे लागते. गव्हाचे पीठ मात्र पाकिटात महिनोन्महिने टिकते. त्याआधीचा बदल जात्याचा होता. पिठाची गिरणी गावात आली आणि पहाटेचे दळण सुटले, ही बाईच्या अंगावरची मोठीच सुटका होती. दळणाबरोबर म्हटल्या जाणाऱ्या ओव्याही मग ओसरल्या. अभ्यासक गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून त्या आज वाचता-ऐकता येतात.

शेत, दुष्काळ आणि रेशन

देशावरची खरी भाकरीची ज्वारी रब्बीची. पाऊस संपताना खोल काळ्या जमिनीत पेरलेली ही ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण अनेक दशके तिचा मानदंड राहिला आहे : मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि गुरांना आवडणारा कडबा. १९६४ साली 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी आली. खरिपात तिने उत्पादन वाढवले, पण ती लवकर पिकत असल्याने दाणा भरताना परतीचा पाऊस गाठी आणि कणसे काळी पडत. तिची भाकरी लोकांना रुचली नाही. 'हायब्रीड' हा शब्द मराठीत तेव्हापासून नव्या पिढीच्या नाजूक तब्येतीसाठी वापरला जातो. "हायब्रीड खाऊन वाढलेली पोरं" हे म्हाताऱ्यांच्या तोंडचे वाक्य अजून ऐकू येते.

मग १९७२चा दुष्काळ आला. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि तांबडा गहू मिळाला, दुष्काळी कामांवर सुकडी (कोरडा पूरक आहार) वाटली गेली. त्या काळात मोठ्या झालेल्यांना मिलोची भाकरी आजही आठवते. ती कशीबशी गिळावी लागे, असेच ते सांगतात. ज्यांच्या घरी गहू पाहुण्यापुरता होता, त्यांच्याकडे तो रेशनच्या पिशवीतून दर महिन्याला येऊ लागला. पुढे हरितक्रांतीमुळे पंजाब-हरियाणाचा गहू सरकारी गोदामांत भरला आणि स्वस्त धान्य म्हणजे गहू-तांदूळ हे समीकरण पक्के झाले. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर होते. कागदावर सर्वांत स्वस्त धान्य ज्वारी-बाजरीच होती. दुकानात मात्र प्रामुख्याने गहू आणि तांदूळच आले. २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते. बाजारात ज्वारी गव्हाच्या तोडीची किंवा त्याहून महाग असताना मजुरी करणाऱ्या घराने ती विकत घेऊन खावी, अशी अपेक्षा कुणी करू नये.

शेतकऱ्यालाही ज्वारी परवडेना. रब्बीची ज्वारी हाताने उपटून काढायची, कणसे खुडायची, त्याआधी गोफण घेऊन पाखरे राखायची. एवढे करून भाव बेभरवशाचा. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले आणि कडब्याची घरची गरजही घटली. विदर्भ-मराठवाड्यात खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कापूस गेला, पाणी पोचले तिथे ऊस. १९८०च्या सुमारास राज्यात ज्वारीचे क्षेत्र ६० लाख हेक्टरांहून अधिक होते. अलीकडे ते त्याच्या तिसऱ्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली आले आहे. सोयाबीनने ताटातले तेलही बदलले. गावच्या घाण्यावरचे करडईचे आणि शेंगदाण्याचे तेल जाऊन रिफाइंड सोयाबीन आणि पामतेल आले.

डबा

शेतात फडक्यात बांधून नेलेली भाकरी गार आणि कडक झाली तरी कांदा-ठेच्याबरोबर चालते. शाळेच्या किंवा कचेरीच्या डब्यात तिची घडी होत नाही, तुकडे होतात. तेल लावलेली चपाती दुपारपर्यंत मऊ राहते, भाजी गुंडाळून खाता येते. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांनी, ज्यांची १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' म्हणून संघटना बांधली, हजारो कामगारांना जेवू घातले. आजच्या शहरांत ते काम पोळी-भाजी केंद्रे करतात, आणि नावात म्हटल्याप्रमाणे तिथे मुख्यतः पोळीच मिळते.

सरकारी योजनांतही हे वळण दिसते. १९९५ साली राज्य सरकारने गरिबांसाठी १ रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात होता. पंचवीस वर्षांत 'साधे मराठी जेवण' या शब्दांचा अर्थ किती बदलला, हे या दोन ताटांवरून जितके कळते तितके इतर कशावरून क्वचितच कळेल.

सणाची भाकरी

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी आजही शहरांतल्या घरांत होते. "न खाई भोगी तो सदा रोगी" ही म्हण तिला धरून आहे. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसीला, शेतात भज्जी, उंडे आणि माठातली आंबील असते, आणि नोकरीला बाहेर गेलेली मुले त्या दिवसासाठी गावी येतात. घराच्या उंबरठ्यावर नव्या नवरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. घरात भाकरी होत नसेल तर शेजारून मागून आणलेली पाहिली आहे, आणि त्या विधीला शब्दही भाकरीचाच लागतो. भाषेत चपातीला अजून ही जागा मिळालेली नाही. माणूस 'पोटाची भाकरी' कमावतो, 'लष्कराच्या भाकऱ्या' भाजतो, आणि सोलापूरकडे "भाकर खाल्ली का?" म्हणजे जेवण झाले का, एवढाच अर्थ असतो.

दरम्यान या धान्यांची पतही बदलली. १९९०च्या दशकापर्यंत भाकरी खाणे हे गरिबीचे लक्षण मानले जाई आणि पाहुण्यापुढे ती ठेवायला घर संकोचत असे. आता मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर ज्वारी सांगतात, हॉटेलात भाकरी चपातीपेक्षा महाग मिळते, आणि पुण्याच्या आसपास जानेवारीत पैसे भरून हुरडा खायला गर्दी होते. सरकारी भाषेतले 'भरड धान्य' २०१८ पासून 'पौष्टिक तृणधान्य' आणि २०२३ साली, आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्षात, 'श्री अन्न' झाले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सोलापूरची कडक भाकरी, जी पूर्वी प्रवासाला आणि वारीला शिदोरी म्हणून वाळवून नेत, आता पाकिटात पुण्या-मुंबईच्या दुकानांत येते. ती बहुतेक ठिकाणी बायकांचे बचतगट थापतात. एक बाई मळते, दुसरी थापते, तिसरी तव्यापाशी असते; आणि थापणाऱ्या बाईचे वय बहुधा पन्नाशीच्या पुढे असते.